मागाचं माहेर

१ नोव्हेंबर, शनिवार

गुरुबसप्पाच्या चादर कारखान्यात दरवर्षी सूतवाल्यांच्या डायऱ्या येतात आणि कपाटात पडून राहतात. आज त्यातली एक मला दिली. म्हणाला, "शेखलाल, त्या इंग्लंडच्या गावाच्या गोष्टी सांगून दिवसभर माझं डोकं खातोस. त्यापेक्षा हिच्यात लिही की." बरं झालं. घरात आमी दखनी बोलतो, पण लिहायला मला मराठीच येतंय. म्युनिसिपालटीच्या शाळेत सातवीपर्यंत खाल्लेल्या छड्या काय फुकट गेल्या न्हाईत.

तर गावाचं नाव हार्कब्रिज. मी मिलमध्ये विणकर होतो तवा माझ्या मागाच्या बाजूला ही अक्षरं लोखंडात ओतलेली होती. वीसेक वर्षं त्यांच्यावर हात टेकून उभा राहिलो. इंग्रजी येत नव्हतं, पण बोटांना पाठ झालं होतं. एका फिटरनं सांगितलं की माग जितं बनला त्या गावाचं नाव हाय हे. पुढं मिल बंद पडली, माग भंगारात गेले, मी गुरुबसप्पाकडं लागलो. आणि ह्या जूनमध्ये आमचा अल्तमश एजंटाचा कागद वाचत बसला होता. तितल्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची सेवा करायची नोकरी, गाव हार्कब्रिज! मी उठून नाचलोच. म्हटलं, "अरे, हे तर माझ्या मागाचं माहेर!" माझी बायको कमरबी म्हणाली, "माग का मायका है तो मेरे बच्चे कू क्या जी?" पण तीही हसत होती.

सप्टेंबरात पोरगा इंग्लंडला गेला. गल्लीनं हार घातले. चौकात फ्लेक्स लागला, त्याच्यावर गॉगल घातलेला अल्तमश आणि मागं राजवाडा. अजून हाय तो फ्लेक्स.

माझी मुलगी गुलनाज शाळेत इंग्रजी शिकवती. तिनं मोबाईलवर हार्कब्रिजचं पान काढून दिलंय. गावाचा इतिहास, बघण्यासारखी ठिकाणं, सगळं हाय त्यात. रोज एक ठिकाण ती मला मराठीत सांगती. अल्तमशचा व्हिडिओ फोन आला की मी विचारतो, ते बघितलंस का रे? आणि त्यानं बघितलेलं असतंय! नोकरी करून एवढं फिरतो कधी, अल्ला जाणे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

हार्कब्रिजचा बाजार गुरुवारी. शेकडो वर्षांमागं कुठल्या राजानं हुकूम दिला की हितं गुरुवारी बाजार भरवा, तवापासून भरतोय. हे मला लई आवडलं. आपल्या पेठा वारांच्या नावावर, तसं त्यांचं गावच वारावर चालतं. बाजाराला दगडी कमानी, वर घड्याळाचा मनोरा.

अल्तमश म्हणाला, "बाजार उठायच्या टायमाला जातो मी अब्बा. विकलं न्हाय ते लोक खोक्यात ठेवून जातात. केळी, पाव, कायबाय."

"फुकट?"

"व्हय."

शाबास रे पठ्ठ्या! बाजार उठताना जावं, ही अक्कल मीच दिली त्याला, मंगळवार बाजारात बोट धरून फिरवताना. गोऱ्यांच्या देशात बापाचं शिक्षण कामाला आलं. मशिदीबाहेर तिघांना थांबवून सांगितलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आजचं ठिकाण वाचनालय. गिरणीच्या मालकानं कामगारांसाठी बांधलं, दीडशे वर्षं झाली. काय मालक असतील! आमच्या मालकांनी आमच्यासाठी बांधलं ते गेट, आणि त्याला कुलूपही त्यांनीच लावलं.

फोन आला तर हा पठ्ठ्या वाचनालयातच. हळू आवाजात बोलत होता.

"सकाळी उघडलं की येतो. बंद होईतवर बसतो. गरम असतंय हितं."

"आणि ड्यूटी?"

आवाज अजून हळू करून म्हणाला, "रात्रपाळी हाय, अब्बा."

सोलापुरात असताना ह्यानं सिनेमाच्या पोस्टराशिवाय काय वाचलं न्हाय. माणूस परदेशात जाऊन सुधारतो म्हणतात ते खोटं न्हाय. कमरबी मात्र फोन ठेवल्यावर म्हणाली, पोराचे गाल बसलेत. आईला पोराचे गाल कायम बसलेलेच दिसतात.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज गुरुबसप्पाशी भांडलो. ह्या वयात बोलणं बंद करायची वेळ यावी म्हणजे कमालच. मी आपलं कौतुकानं वाचनालयाचं सांगत होतो, तर मधेच म्हणतो, "अरे, रात्रपाळी केलेला माणूस दिवसा झोपतो. मिलमध्ये रात्रपाळी करून आपण काय करत होतो? तुझा पोरगा झोपतो कधी आणि कुटं?"

मी म्हटलं, "तुझ्या पोटात दुखतंय. तुझा शिवानंद पुण्याच्या पुढं गेला न्हाय."

त्यानं चहा मागवला. मी प्यायलो न्हाय. पण मी चपला घालत होतो तवा म्हणाला, "चादर नेलीय न्हवं त्यानं?" म्हटलं, व्हय, नेलीय.

ती चादर गुरुबसप्पाच्याच कारखान्यातली. नक्षी उठवणाऱ्या जकारच्या भोकांच्या पत्त्यांत एक पत्ता उलटा बसला आणि एका मोराची मान मधेच तुटून बोटभर बाजूला सरकली. मीच चालवत होतो तो माग. आमच्यात रीत हाय, चांगली चादर दुकानाची, डागी चादर घरची. तवा अल्तमश तिसरीत होता. जांभळ्या रंगावर पिवळे मोर, त्यातला हा मानमोड्या त्याचा लाडका. झोपताना तोच तोंडावर घ्यायचा. जाताना कमरबी नवीकोरी चादर बॅगेत कोंबत होती, तर ह्यानं ती काढून डागीच घातली.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आज चर्चचं वाचलं. गावातलं सगळ्यात जुनं बांधकाम. गिरण्या यायच्या आधी लोकरीचे व्यापारी होते, त्यांनी वर्गणी काढून बांधलं. दर बुधवारी तितं सगळ्यांना दुपारचं जेवण देतात, हे पानावर न्हाय, अल्तमशनं सांगितलं.

"सूप असतंय, पाव असतोय. अम्मी, भाजीचंच घेतो मी."

कमरबीनं फोन माझ्या हातातून ओढला. "तेरे घर में चूल्हा नै क्या रे?"

"हाय की अम्मी. पण हितं सगळे जमतात, बरं वाटतं."

मी तिला समजावलं की आपल्याकडं दर्ग्यात लंगर असतो, सिद्धेश्वराच्या देवळात अन्नछत्र असतं, मोठमोठे लोक पंगतीला बसतात. त्यात कमीपणा काय? ती म्हणाली, तीन फोन झाले, पोराच्या अंगात तेच जाकीट हाय. थंडी हाय म्हणून घालतो, म्हटलं. दाढीही वाढवलीय. मला तर रुबाबदार वाटला.

४ डिसेंबर, गुरुवार

बाजाराचा दिवस. वाट बघितली. फोन आला न्हाय.

९ डिसेंबर, मंगळवार

न्हाय. आमी लावला तर बंद लागतो. गुलनाजच्या मोबाईलवर एकच ओळ आली होती, शनिवारी, कुठल्या तरी दुसऱ्या नंबरवरून. "फोन पडला, काळजी करू नका." त्या नंबरला लावलं तर कुणी इंग्रजी बाई, तिला काय ठाऊक न्हाय, लायब्ररीत एका मुलानं मोबाईल मागितला होता म्हणे.

गुरुबसप्पा संध्याकाळी आपण होऊन आला. इकडचं तिकडचं बोलला. जाताना कमरबीला म्हणाला, "वहिनी, कायबी लागलं तर सांगा." मयताच्या घरातनं उठताना माणसं हे वाक्य बोलतात.

१२ डिसेंबर, शुक्रवार

लिहू का नको, असं झालंय. पण न लिहून करू काय?

हार्कब्रिजच्या पानावर नवा फोटो आला. नाताळचा बाजार, कमानींवर दिव्यांच्या माळा, घड्याळाच्या मनोऱ्याला रोषणाई. मी चष्मा लावून एकेक कमान बघत बसलो होतो. आणि डाव्या टोकाच्या कमानीखाली जांभळा रंग दिसला. पिवळे ठिपके. मी ओरडलोच, "कमरबी! गुलनाज! या हिकडं! आपली सोलापुरी चादर हार्कब्रिजच्या बाजारात आली!" मला वाटलं कुणी विकायला ठेवलीय. छाती अशी फुगली म्हणून सांगू. म्हटलं, ज्यांनी माग दिले त्यांनाच आपण चादरी विकतोय, घ्या!

गुलनाजनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. मी म्हटलं, "दाखव की." ती दाखवेना. मी मोबाईल हिसकावला.

विकायला ठेवलेली न्हवती. खाली पुठ्ठे होते आणि चादरीच्या आत माणूस होता. बुटांची टोकं बाहेर आलेली. तोंड झाकलेलं. आणि तोंडावर जो मोर होता त्याची मान मोडलेली होती.

मी विणलेला डाग मला ओळखू येणार न्हाय तर कुणाला येणार?

बाजार उठायच्या टायमाची केळी. गरम वाचनालय. बुधवारचं सूप. सगळं त्यानं सांगितलं होतं. गेला महिनाभर पोरगा मला दर फोनला खरंच सांगत होता, आणि मी त्याला पर्यटनाचं पान वाचून दाखवत होतो. गाढव मी. गाढवाला तरी ओझं कळतं.

कमरबीला काय सांगायची गरज पडली न्हाय. ती उठली, आमच्या पलंगावरची चादर काढली, घडी करून कपाटात ठेवली, आणि नुसत्या गादीवर आडवी झाली. म्हटलं, "थंडी वाजंल." तर म्हणाली, "वाजू दे."

१५ डिसेंबर, सोमवार

एजंटाचा फोन बंद. वृद्धाश्रमाचा नंबर अस्तित्वात न्हाय असं बाई बोलती. गुलनाजनं सरकारी कचेरीला मेल केला, तुमचा मेल मिळाला, असा मेल आला. गुरुबसप्पा एका पुढाऱ्याकडं घेऊन गेला. पुढाऱ्यानं सहायकाला सांगितलं, सहायकानं नाव लिहून घेतलं आणि माझ्याबरोबर फोटो काढला. कशासाठी काढला, मला अजून कळलं न्हाय.

मग मी म्हटलं, गुलनाज, त्या पानावर प्रत्येक ठिकाणाखाली फोन नंबर हाय. बाजाराचा हाय, चर्चचा हाय, जुन्या गिरणीत आता संग्रहालय हाय, त्याचाही हाय. एवढ्या मोठ्या इंग्लंडात आपल्या ओळखीचे तेवढेच. लाव.

बाजाराच्या नंबरवर टेप वाजली. चर्चवर कुणी उचलला न्हाय. संग्रहालयात उचलला. मार्गारेट नावाची बाई, आवाजावरून माझ्या वयाची, पगार न घेता तितं काम करती. गुलनाज बोलताना चाचरत होती म्हणून तिनं सुरुवात मिलपासून केली. माझे वडील तुमच्या गावच्या मागावर काम करत होते, असं. झालं! बाईला आभाळ ठेंगणं. संग्रहालयात तसलाच एक माग हाय, पण तो चालताना ऐकलेलं माणूस गावात उरलं न्हाय. "त्यांना विचारा, आवाज कसा यायचा?"

गुलनाजनं मला विचारलं. मी काय करावं? मी स्पीकरवर तोंडानं आवाज काढला. खटाक्-खट, खटाक्-खट. धोटा हिकडनं तिकडं जातो तसा. तिकडं बाई हसत होती, टाळ्या वाजवत होती. हिकडं माझ्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि तोंड खटाक्-खट करत होतं, थांबवता येईना.

शेवटी गुलनाजनं मोबाईल काढून घेतला आणि सगळं सांगितलं. मग बाई म्हणाली, गुरुवारी बाजार असतो, मी स्वतः जाऊन बघते.

१८ डिसेंबर, गुरुवार

भेटला.

मार्गारेटबाईंनी आधी गुलनाजला सांगितलं ते असं. वृद्धाश्रमाचं लायसन गेलं, दिवाळीच्या आधीच तो बंद पडला. कामाला आलेल्या पोरांना खोल्या सोडाव्या लागल्या. बाकीची कुटं कुटं पांगली, हा तितंच राहिला. मग त्यांनी आपला मोबाईल त्याच्या हातात दिला.

"अब्बा."

तीन रात्री मी काय काय बोलायचं ते ठरवत होतो. एक शब्द आठवंना. म्हटलं, "जेवलास का?"

"व्हय."

"घरी ये, बेटा."

"कुटल्या तोंडानं येऊ? चौकात फ्लेक्स हाय न्हवं अजून?"

"मी काढतो. आत्ता काढतो."

"फ्लेक्स काढून काय होतंय, अब्बा. दुसऱ्या शहरात एकजण काम देतो म्हणालाय. बघतो. ह्या देशातनं एकदा निघालो की परत घेत न्हाईत."

"कोण एकजण? कुटलं शहर?"

मागं गाड्यांचे, माणसांचे आवाज. कमरबी माझ्या दंडाला धरून होती, तिला फोन दिला तर नुसती "अल्तू, अल्तू" करत राहिली.

मग मोबाईल परत मार्गारेटबाईंकडं गेला. त्या म्हणाल्या, त्याची चादर ओलीचिंब हाय, कमानीत पाऊस येतो. आणि तेवढं मात्र मला समजलं. पोराला कसं परत आणायचं, कुणाच्या पाया पडायचं, ते मला समजत न्हाय. चादरीचं समजतं. मी गुलनाजला म्हटलं, सांग त्यांना, ओलं सूत अंगावर घेऊ नये, ऊब तर देत न्हायच, उलट हाडात थंडी शिरती. कृपा करून तेवढी धुऊन, कडक वाळवून द्या त्याला. कोमट पाण्यात, रंग पक्का हाय, घाबरू नका.

बाई लई भल्या. लगेच घेऊन गेल्या. त्याला म्हणाल्या, संध्याकाळी माझ्या घरी जेवायला ये, झोपायला खोली हाय, चादरही तवाच ने. तो येतो म्हणाला.

आज पहिल्यांदा बरं वाटतंय. गावात छप्पर मिळालं. मी म्हटलं होतं न्हवं, मागाचं माहेर हाय ते. माहेरी कुणी उघड्यावर राहतं का?

२० डिसेंबर, शनिवार

गेला न्हाय तो त्यांच्या घरी. बाईंनी उशिरापर्यंत दिवा लावून ठेवला होता. शुक्रवारी सकाळी कमानीखाली बघितलं, पुठ्ठे घडी करून भिंतीला लावून ठेवले होते. चर्चमध्ये न्हाय, वाचनालयात न्हाय. स्टेशनावर एकानं बघितलं म्हणे, कुठली गाडी ते त्याला सांगता येईना. पोलिसांत त्यांनी नाव दिलंय. पोलीस म्हणाले, सज्ञान माणूस हाय, कुटंही जाऊ शकतो.

पुठ्ठे घडी करून ठेवले होते. आईचं वळण.

२८ डिसेंबर, रविवार

फ्लेक्स काढायला गेलो. एका बाजूची दोरी तुटून तो अर्धा लोंबत होता. स्टुलावर चढलो तर चौकातली पोरं धावत आली. "चाचा, राहू द्या की! अल्तूभाई आमची शान हाय. आमी नवी दोरी लावतो." आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी तो ताणून, नव्या दोरीनं पक्का बांधला. खाली उतरलो.

मोबाईलवर हार्कब्रिजचं हवामान बघतो. पण तो तितं न्हायच. कुठल्या गावाचं बघू?

१४ जानेवारी, बुधवार

सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा भरलीय. पाळण्यांचा आवाज घरापर्यंत येतो. गुरुबसप्पा तिळगूळ घेऊन आला होता, हातात ठेवला, गोड बोल असं काय म्हणाला न्हाय. बसून राहिला.

तवाच गुलनाज मोबाईल घेऊन बाहेर आली. मार्गारेटबाईंचा मेल आलाय म्हणाली. आमी सगळे उभे राहिलो. अल्तमशची खबर न्हाय, हे तिनं आधीच सांगितलं, म्हणजे आमी आशेवर राहू नये.

मेलमध्ये फोटो होता. संग्रहालयातला माग, तेलपाणी केलेला. बाजूची लोखंडी अक्षरं घासून चकचकीत केलेली. मी मोबाईलच्या काचेवर बोट फिरवलं, तीच अक्षरं, हार्कब्रिज. आणि मागावरनं सोडलेली, स्वच्छ धुतलेली, इस्त्री केलेली जांभळी चादर. शेजारी पाटी. गुलनाजनं वाचली. "सोलापूर, भारत. या गावात बनलेल्या मागावर आयुष्य घालवलेल्या विणकराच्या हातची चादर. मोराच्या मानेतला दोष पाहावा."

बाईंनी लिहिलंय, तुमचा मुलगा परत येईपर्यंत ती घडी करून कपाटात ठेवायला माझा जीव होईना. हितं ती सुरक्षित हाय. गावातले लोक बघायला येतात. वाटलं, तुम्हाला आनंद होईल.

गुरुबसप्पानं चष्मा पुसला. म्हणाला, "तुझी चादर संग्रहालयात गेली, शेखलाल." मी त्या फोटोकडं बघत होतो. कपडा छान धुतला होता, रंग जरा गेला न्हवता. कोमट पाण्यात धुवा, हे मीच सांगितलं होतं.

कमरबी आतापर्यंत मागं उभी होती. तिनं मोबाईल हातात घेतला, जवळ धरला, लांब धरला. मग मला विचारलं,

"ये उधर टांगे, तो मेरा बच्चा क्या ओढको सोता जी?"